वामनरावांचं दुखणं

जावयाने सासुरवाडीला किती दिवस राहावं, जेवताना किती वेळा ‘नको, नको’ म्हणावं आणि निघताना काय काय घेऊन जावं, याचा आपल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या विचार करून ठेवलेला आहे. पण जावयाने सासुरवाडीला काय ठेवून जावं, याबाबत शास्त्र अगदी गप्प आहे. या फटीचा फायदा घेऊन आमच्या जावईबापूंनी दोन वर्षांसाठी जर्मनीला जाताना आमच्या दिवाणखान्यात चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच काचेची एक पेटी, तिच्यातलं ३०० लिटर खारं पाणी आणि त्या पाण्यात राहणारी एक दोन फुटी वाम ठेवली.

वाम म्हणजे मासाच. तिला पाहून पहिल्यांदा कुणालाही तसं वाटत नाही, ही गोष्ट वेगळी. ही बाजारात मिळणारी कालवणाची वाम नव्हे. ही खडकांच्या कपारीत राहणाऱ्या वामींपैकी. इंग्रजीत हिला स्नोफ्लेक मोरे म्हणतात. पांढऱ्या अंगावर काळे फांद्या फुटल्यासारखे डाग, त्यांत पिवळे ठिपके, आणि नाकपुड्यांच्या जागी दोन पिवळ्या नळ्या. साडीच्या दुकानात हे डिझाइन लागलं असतं तर आमच्या सौभाग्यवतींनी ते ‘भडक आहे’ म्हणून बाजूला सारलं असतं.

जावईबापूंनी तिचं नाव वामनराव ठेवलं होतं. चार वर्षांच्या सहवासात त्यांनी केलेला तो एकमेव विनोद. आमचे निखिलराव म्हणजे अत्यंत सज्जन माणूस, पण बोलणं असं की तारेचे पैसे अजून शब्दावर मोजतात असं वाटावं. ‘प्रवास कसा झाला?’ ‘ठीक.’ ‘नोकरी काय म्हणते?’ ‘ठीक.’ ‘आमटीत मीठ आहे ना?’ ‘हो.’ मी पडलो बोलका. पाणीपट्टी खात्याच्या खिडकीत बसून बत्तीस वर्षं लोकांच्या तक्रारींना उत्तरं दिलेला माणूस. माझ्यासमोर कुणी गप्प बसला की मला वाटतं, याचं बिल थकलेलं दिसतंय. त्यामुळे सासरा आणि जावई यांच्यात जो काही संवाद व्हायचा तो क्रिकेटचा सामना चालू असताना, आणि तोही टीव्हीतला निवेदक करायचा.

निघण्याच्या आदल्या दिवशी मात्र हे गृहस्थ वामनरावांबद्दल सलग दोन तास बोलले. त्यांनी मला एक वही दिली. तिच्यात पाण्याचं तापमान, खारटपणा, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट असे रकाने होते. ‘बाबा, तुम्ही पाणी खात्यात होता, तुम्हाला जमेल,’ ते म्हणाले. मी पाण्याची बिलं करत असे, पाणी नव्हे, हे मी सांगणार होतो. पण जावयाने आयुष्यात पहिल्यांदा माझ्यात काही गुण पाहिला होता. मी वही घेतली.

आता खाऱ्या पाण्याचा हिशेब ऐका. समुद्राच्या एका लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार. म्हणजे ३०० लिटरला साडेदहा किलो. डॉक्टरांनी रक्तदाबासाठी मला मीठ तोडलेलं. ताटात चिमूटभर मीठ वाढायलाही आमच्या घरात बंदी. आणि त्याच घरात एका माशासाठी साडेदहा किलो मिठाची पिशवी. हे मीठही स्वयंपाकाचं चालत नाही. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरे समुद्रातले सगळे मानकरी हजर असावे लागतात, म्हणून ते खास डब्यातून येतं आणि त्याची किंमत ऐकून माझा रक्तदाब मीठ न खाताच वाढतो. शेजारच्या काकांनी ‘चौपाटीवरून दोन कॅन भरून आणा की, फुकट’ असा सल्ला दिला होता. आपल्या चौपाटीच्या पाण्यात मिठाखेरीज काय काय असतं हे पाणी खात्यातल्या माणसाला सांगायला नको.

पण वामनराव राहिले छान. त्यांचा दिवसाचा कार्यक्रम म्हणजे खडकाच्या कपारीतून डोकं बाहेर काढायचं आणि तोंड उघडायचं, मिटायचं, उघडायचं, मिटायचं. पाहुण्यांना वाटायचं, चावायला येतोय. वास्तविक तो त्यांचा श्वास असतो. कल्ल्यांवरून पाणी खेळवायला त्यांना तोंड असं हलतं ठेवावं लागतं. समोर उभं राहिलं की एखादा माणूस आवाज बंद केलेल्या टीव्हीतून भाषण करतोय असं वाटतं. मला ती सोबत आवडू लागली. जावयापेक्षा जास्तच बोलायचे म्हणा ना.

आमची ही मालवणची. मी साताऱ्याकडचा. लग्नाआधी माशांशी माझा संबंध एकच, शाळेच्या सहलीत पाहिलेलं मरीन ड्राइव्हचं तारापोरवाला मत्स्यालय. ते उघडलं १९५१ साली आणि आमची सहल गेली त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, आणि त्यातलंही मला काचेपेक्षा पुढच्या मुलाचं डोकंच जास्त आठवतं. हिने मात्र आयुष्यात शेकड्यांनी वामी कापलेल्या. ‘वाम धरायची तर हाताला राख लावायची, नाहीतर निसटते,’ हे तिने वामनराव घरी आले त्याच दिवशी त्यांच्यासमोर सांगितलं. वामनरावांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पहिले काही महिने ती पेटीकडे ज्या नजरेने पाहायची त्यात वात्सल्य होतं की तिरफळं, हे मला नीट कळत नसे.

जूनचा दुसरा आठवडा. पहाटे सव्वापाचला दाराची बेल वाजली. मी दार उघडलं. दूधवाल्याने पिशवी माझ्या हातात दिली, माझ्या पायाकडे पाहिलं आणि ‘साप! साप!’ ओरडत तो जिन्याने खाली गेला. त्याच्या आवाजाने दोन मजले जागे झाले. मी वळून पाहिलं. गॅलरीच्या सरकत्या दाराशी, ॲल्युमिनियमच्या पट्टीत अर्धं अंग अडकलेलं, धुळीने माखलेलं असं काहीतरी पडलं होतं आणि तोंड उघडत, मिटत होतं.

या जातीला पळून जाण्याचा नाद असतो, हे वहीच्या पहिल्याच पानावर लाल शाईने लिहिलेलं होतं. म्हणून पेटीला घट्ट झाकण होतं आणि त्यावर मराठी शब्दकोशाचे दोन खंड वजनाला ठेवलेले होते. भाषेचा एवढा भार आमच्या घरात दुसऱ्या कुणावर नाही. पण झाकणातून गाळणीची नळी जायला सुताराने भोक पाडलं होतं. नळी अर्ध्या इंचाची, भोक सव्वादोन इंचाचं. ‘पुढेमागे जाड नळी घेतली तर असू दे,’ ही त्या कारागिराची दूरदृष्टी. त्यात कोंबलेला स्पंज वामनरावांनी रात्रीतून ढकलून काढला होता.

ही आतून धावत आली. माहेरची बोली हिच्या तोंडी दोनच प्रसंगी येते: आनंद झाला की, आणि माझ्यावर चिडली की. त्या पहाटे तिसरा प्रसंग पाहिला.

“अरे देवा म्हाराजा! हो भायर कसो इलो? तुमी उभे काय रवलात? टॉवेल हाडा. भिजवून हाडा!”

मी टॉवेल आणला. नळाखाली धरणार तोच ती ओरडली, “पेटीतल्या पाण्यात भिजवा!” ओल्या टॉवेलात तिने वामनरावांना असं अलगद उचललं, की आमच्या मुलीला न्हाऊ घालून उचलायची त्याची मला आठवण झाली. राख नाही की काही नाही. वामीच्या अंगाला खवले नसतात. अंगावरचा तो बुळबुळीत थर हेच तिचं चिलखत, आणि तोच तिला पाण्याबाहेर काही वेळ तगवतो. राखेने तो जातो, म्हणून तर कापताना राख लावायची आणि जगवताना नाही. चाळीस वर्षं जी विद्या तिने एका बाजूने वापरली, ती त्या क्षणी तिने उलटी धरली, आणि तीही कुणाला न विचारता.

पेटीत सोडल्यावर धूळ निघाली आणि खालची जखम दिसली. डोक्यामागे उजव्या अंगाला चार बोटं लांब कातडी सोलून निघालेली, पाठीवरच्या परालाही चीर. वामनराव तळाशी वाकडे पडून राहिले. कपारीतही गेले नाहीत.

मी जर्मनीला फोन लावला. तिथे रात्रीचे पावणेदोन. जावयाने पहिल्याच घंटेला उचलला. आमच्या वयाच्या माणसाचा रात्री पावणेदोनला फोन आला की परदेशातल्या मुलांच्या मनात काय येत असेल ते मी ‘वामनराव’ म्हणताच पलीकडून सुटलेल्या सुस्काऱ्यावरून कळलं. आणि मग पुढच्या क्षणी तो सुस्कारा परत आत गेल्याचंही ऐकू आलं.

“बाबा, जिवंत आहे?”

“आहे.”

“कल्ले हलतायत?”

“तोंड उघडतोय, मिटतोय.”

“मोजा. मिनिटाला किती वेळा, मोजा.”

मी मोजू लागलो. तो तिकडे थांबला. एक मिनिटभर आम्ही दोघं काही न बोलता फोन धरून होतो, आणि खरं सांगतो, चार वर्षांत आमचं इतकं चांगलं संभाषण झालं नव्हतं.

सकाळी नऊला मी आमच्या भागातल्या प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन केला. फोनवर एक मुलगी होती.

“पेशंटचं नाव?”

“वामनराव.”

“तुमचं नाही हो, पेशंटचं.”

“पेशंटचंच.”

“ब्रीड?”

“मोरे.”

“आडनाव नको, ब्रीड सांगा. लॅब्रडॉर, पग...?”

शेवटी डॉक्टर स्वतः आले फोनवर. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “काका, वीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मी मासे पुष्कळ तपासले, पण ते ताटात.” मात्र माणूस भला. संध्याकाळी दवाखाना बंद करून स्कूटरवरून घरी आला, अर्धा तास पेटीसमोर उकिडवा बसला, मोबाइलवर कुठकुठले शोधनिबंध वाचले, आणि म्हणाला, “औषध फार नाही. औषध म्हणजे पाणी. पाणी स्वच्छ ठेवलं तर हा स्वतःच बरा होईल. पाणी बिघडलं तर मीही काही करू शकणार नाही.” माझ्या खात्याबद्दल इतक्या आदराने आजवर कुणी बोललं नव्हतं.

तोवर मी मासेविक्याच्या दुकानातही जाऊन आलो होतो. त्याने ‘सगळ्या रोगांवर एकच’ म्हणून निळ्या रंगाची बाटली पुढे केली. हिने ती खिडकीशी नेऊन भिंग लावून वाचली. हिला औषधाच्या बाटलीवरचं सगळं वाचायची सवय आहे, माझ्या गोळ्यांची माहिती मला तीच देते. “यात तांबं आहे,” ती म्हणाली. वहीत दोनदा अधोरेखित केलेलं होतं: तांबं नको. खवल्यांच्या माशांच्या अंगावरच्या किड्यांना मारायला तांबं वापरतात, पण उघड्या कातडीच्या वामीला ते सोसत नाही. बाटली परत गेली. दुकानदार म्हणाला, “मग वाम कशाला पाळता? गोल्डफिश पाळा.” दुखणाईताच्या नातेवाइकांना दिलासा देण्याची प्रत्येकाची रीत वेगळी असते.

आता दवाखाना उभा राहिला. तांदूळ ठेवायचा ६० लिटरचा मोठा चौकोनी डबा हिने रिकामा करून दिला. तांदूळ चार पातेल्यांत आणि एका प्रवासी बॅगेत गेले. डब्यात वाळू नाही, खडक नाही, जखमेला लागेल असं काही नाही. फक्त लपायला प्लंबरकडून आणलेला पीव्हीसी पाइपचा तुकडा, कडा कानशीने घासून गुळगुळीत केलेला, आणि हवा सोडणारा दगड. वीज गेली तर म्हणून बॅटरीवरचा एक पंप. हे सगळं आमच्या निजायच्या खोलीत, माझ्या उशाशी. कारण तिथे वर्दळ कमी, आणि, हिच्या मते, ‘तुम्हाला तशीही झोप लागत नाही’.

यातली मेख अशी, की जुन्या पेटीत खडकावर, वाळूत असंख्य जिवाणू वसलेले असतात. माशाच्या उत्सर्गातून अमोनिया होतो. एक जिवाणू त्याचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन विषं, तिसरं बरंच निरुपद्रवी. ही माणसं वसायला काही आठवडे लागतात. तांदळाच्या डब्यात ती नव्हती. म्हणजे ते सारं काम माझ्याकडे. रोज २० लिटर पाणी काढायचं, आदल्या दिवशी मीठ घालून, हवा सोडून, तापमान जुळवून ठेवलेलं २० लिटर घालायचं. रोज तीनदा परीक्षानळीत पाणी घेऊन थेंब टाकायचे आणि रंग पाहायचा. अमोनियाचा रंग पिवळा राहिला तर ठीक, हिरवा झाला तर संकट. सिग्नलवर हिरवा दिसला की पुढे जायचं, ही आयुष्यभराची सवय मोडायला मला तीन दिवस लागले. तोवर हिरव्या छटेवर मी आनंदलो की ही मागून धपाटा घालायची.

जखमेवर लावायचं ते आपलं नेहमीचं तपकिरी आयोडिनचं औषध. गुडघा फुटला की लावतात ते, पण पातळ करून, तेही एक दिवसाआड, आणि कल्ल्याच्या भोकापासून दूर. वामीचा कल्ला म्हणजे डोक्यामागे मिरीएवढं एक भोक. जखम त्याच्यापासून दोन बोटांवर. डॉक्टर म्हणाले, अर्ध्या मिनिटात काम उरकायचं. हातमोजे घालून आणि मान टॉवेलात गुंडाळून हिने धरायचं, मी कापसाच्या काडीने लावायचं.

आता मी तुम्हाला एक गोष्ट सांगतो, जी मला त्याच रात्री वाचायला मिळाली आणि मिळाली नसती तर बरं झालं असतं. या माशांना दोन जबडे असतात. एक बाहेर दिसतो तो, आणि दुसरा घशात. बाहेरच्याने धरलं की आतला पुढे येतो, घास पकडतो आणि आत ओढून नेतो. हे रिटा मेहता आणि पीटर वेनराइट या दोघा शास्त्रज्ञांनी २००७ साली दाखवून दिलं. २०२१ साली मेहताबाईंनी आणखी एक शोध लावला, की आमच्या वामनरावांची ही जात पाण्याबाहेर, जमिनीवर येऊनसुद्धा घास धरून गिळू शकते. लग्नाच्या पंगतीत मी असे लोक पाहिले आहेत, पण त्यांच्या तोंडाशी कापसाची काडी न्यायची वेळ माझ्यावर आली नव्हती. वामनरावांचे दात खेकड्याची कवचं फोडण्याजोगे बोथट असतात, हे जावयाने समजुतीखातर सांगितलं. माझ्या अंगठ्याला खेकड्याइतकंही कवच नाही, हे मी त्याच्या लक्षात आणून दिलं.

“धरलंय. लावा,” ही म्हणाली.

“तोंड कुठे आहे?”

“माझ्या हातात. लावा.”

“हलतोय.”

“तुमचाच हात हलतोय.”

लावलं. अठ्ठावीस सेकंद. डॉक्टर घड्याळ लावून उभे होते. वामनराव पाइपात शिरले आणि आम्ही तिघंही पलंगावर बसलो.

पाचव्या दिवशी जखमेची कड लाल झाली. डॉक्टरांनी पाण्यात टाकायचं प्रतिजैविक दिलं. त्याची मात्रा माशाच्या वजनावर नाही, पाण्याच्या लिटरवर. “डब्यात नेमकं किती पाणी आहे?” त्यांनी विचारलं. त्यांना वाटलं मी ‘असेल साठेक’ म्हणेन. मी वही उघडून पाइप, दगड आणि वामनराव यांनी व्यापलेली जागा वजा करून ५३ लिटर सांगितलं. बत्तीस वर्षांत एकाही ग्राहकाला न पटलेला माझा आकडा डॉक्टरांनी मान हलवून मान्य केला.

पण खरी काळजी वेगळीच होती. वामनराव खात नव्हते. त्यांना डोळ्यांनी फार दिसत नाही, नाक मात्र तिखट. लांब चिमट्यात कोळंबी धरून नळ्यांसमोर हलवली की एरवी बाणासारखे यायचे. आता तोंड फिरवायचे. ही जात आठवडेच्या आठवडे उपाशी राहू शकते, हे सगळे सांगत होते. पण आजारी माणूस जेवत नाही म्हटल्यावर आपल्या घरातल्या बाईला शास्त्र सांगून काय उपयोग? ही रोज बाजारात. एक दिवस कोळंबी, एक दिवस माकूल. नुसत्या कोळंबीवर ठेवलं तर त्यांना ब-१ जीवनसत्त्व कमी पडतं, तेही वहीत होतं.

आठवड्याने कोळणीने विचारलंच, “काय ताई, रोज दोनच कोळंब्या? घरात कोन आजारी हाय का?”

“आहे.”

“कोन? सासूबाई?”

“वाम.”

कोळणीने कोयता खाली ठेवला. तिच्या पुढ्यात त्या दिवशी तीन वामी पडलेल्या होत्या, चांगल्या हातभर लांब. तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा हिच्याकडे. ही शांतपणे म्हणाली, “जखम झालीय. जेवत नाही.” मला वाटलं आता बाजार हसणार. कोळीण हसली नाही. टोपलीत हात घालून तिने एक छोटी जिवंत चिंबोरी काढली, नांगी मोडली आणि पानात बांधून दिली. “ही दे त्याला. वास येतो हिचा. पैसं नको, दुखण्याला कशाचं पैसं!” त्या दिवसापासून ही नाक्यावर दिसली की ती लांबूनच ओरडायची, “खाल्लं का गो?” आणि अख्ख्या मासळीबाजाराला वाटायचं, आमच्याकडे कुणाचं तरी अखेरचं चाललंय.

सोसायटीचे सेक्रेटरीही समाचाराला आले. ‘मासा पाळायला नियमात हरकत नाही, पण सरपटणाऱ्या माशाबद्दल नियमात काही नाही,’ असं म्हणून त्यांनी चहा घेतला.

रात्रीची पाळी माझी. दोन वाजता उठून विजेरीवर लाल कागद लावून पाहायचं, श्वास मोजायचे, वहीत लिहायचे. जर्मनीत तेव्हा साडेदहा. आकडा लिहून होतो न होतो तो फोन. सुरुवातीला ‘किती?’ ‘सव्वीस.’ ‘ठीक.’ एवढंच. मग हळूहळू लांबत गेलं. मी त्याला वाचलेलं सांगायचो. रोमचा तो क्रॅसस, वक्ता, इसवी सनापूर्वी ९१ साली वारलेला. त्याची पाळलेली वाम मेली तेव्हा तो रडला. डोमिशियस नावाच्या दुसऱ्या बड्या माणसाने त्याला त्यावरून टोमणा मारला, तर क्रॅसस म्हणाला, तू तर तीन बायका पुरल्यास आणि एकदाही रडला नाहीस. जावई मोठ्याने हसला. त्याचं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं, चांगलं खळखळून आहे. मग त्याने मला फ्रॉइडची गोष्ट सांगितली. मनोविकारांचा हा मोठा डॉक्टर विद्यार्थी असताना १८७६ साली त्रिएस्त गावी सुमारे ४०० वामी कापत बसला होता, नराचं इंद्रिय शोधायला. ४०० वामींनंतर माणूस मनाकडे वळणारच. ही अंधारातून म्हणाली, “चारशे? आणि कालवण एकाचंही नाही?” ती झोपलेली नसायची, हे तेव्हा कळलं.

चौदाव्या रात्री तो म्हणाला, “बाबा, वामनराव गेला तर मला लगेच सांगा. सकाळची वाट नका पाहू.”

मी म्हटलं, “असं का बोलता?”

बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, “माझे बाबा दर रविवारी मला तारापोरवालाला न्यायचे. तिकीट स्वस्त होतं. आम्ही काचेसमोर उभे राहायचो, फार बोलायचो नाही. ते गेले तेव्हा मी नववीत होतो. रात्रीच गेले. मला सकाळी सांगितलं, परीक्षा होती म्हणून.”

मी पाणी खात्याच्या खिडकीत बत्तीस वर्षं बसलेला माणूस. उत्तर सुचलं नाही. मी म्हटलं, “आज पंचवीस आहेत. कालच्यापेक्षा एक कमी.” तो म्हणाला, “ठीक.” त्या ‘ठीक’मध्ये एवढं काही मावतं, हे मला आधी कुणी सांगायला हवं होतं.

सतराव्या रात्री मी चिमट्यात चिंबोरीचा पाय धरून डब्यावर वाकलो होतो. आशा अशी काही नव्हती. पाइपातून पिवळ्या नळ्या बाहेर आल्या. मग डोकं. नळ्या डावीकडे, उजवीकडे. आणि एकदम खटकन्‌ चिमटा ओढला गेला. माझ्या हातून तो निसटून डब्यात पडला. कट्‌, कट्‌, कवच फुटल्याचा आवाज मी स्वतःच्या कानांनी ऐकला. पुढचा जबडा, मागचा जबडा, सगळे एकदम कामाला लागलेले.

“खाल्लान्‌!” ही मागून किंचाळली. “अगो बाय माजे, खाल्लान्‌!” वरच्या मजल्यावर दिवा लागला.

जर्मनीला फोन लावला. मी काही बोलायच्या आतच ही माझ्या हातातून फोन ओढून ‘खाल्लान्‌, खाल्लान्‌’ म्हणत सुटली. पलीकडे जावयाला मालवणी येत नाही. तरी कळलं असावं. तिकडून काही आवाज येईना. मग आमची मुलगी फोनवर आली आणि म्हणाली, “बाबा, हा बाल्कनीत गेलाय. येईल जरा वेळाने. काय केलंत तुम्ही?”

आणखी तीन आठवड्यांनी वामनराव मोठ्या पेटीत गेले. जखमेच्या जागी नवीन कातडी आली आहे, फिकट, डाग नसलेली, नकाशात एखादं बेट रंगवायचं राहून जावं तशी. झाकणाचं भोक दुसऱ्या सुताराकडून बुजवून घेतलं. त्यालाही नळी अर्ध्या इंचाची आहे हे पटवायला एक चहा लागला. डॉक्टरांनी बिल दिलं नाही, पण एक फोटो मागितला, तो आता त्यांच्या दवाखान्यात लॅब्रडॉर आणि पर्शियन मांजर यांच्या मधोमध लावलेला आहे. तांदूळ अजून प्रवासी बॅगेतच आहेत. त्या डब्यात परत भरायला ही तयार नाही, आणि दिवाळीत आम्हाला साताऱ्याला जायचंय.

फोन रोज येतो, आता रात्री दोनला नाही, माणसांच्या वेळेला. आधी वामनराव, मग माझा रक्तदाब, मग क्रिकेट. मुलीची तक्रार आहे की तिला बोलायला मिळत नाही.

परवा मी हिच्याबरोबर बाजारात गेलो होतो. कोळणीने टोपलीवरचं फडकं काढलं. चकचकीत, ताजी, चांगली जाडजूड वाम. “घे ताई, आत्ताच आली. कापून देते.” हिने सवयीने हात पुढे केला, कल्ला उघडून लाल आहे का ते पाहायला, आणि मध्येच थांबली. त्या मिरीएवढ्या भोकाजवळ तिचं बोट क्षणभर तसंच राहिलं.

“नको,” ती म्हणाली. “पापलेट दे.”

वामीचं कालवण हा पदार्थ साताऱ्याच्या माणसाला चाळीस वर्षांत किती आवडू लागतो, हे मी इथे सांगू शकतो. घरी सोय नाही.